महागड्या शाळेच्या फाटकाबाहेर: नव्या पालकांसाठी

मुलाला महागड्या खाजगी शाळेत प्रवेश मिळाला की फी, गणवेश, बस यांची माहिती शाळाच देते. पालकांच्या गोतावळ्याबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. फाटकाबाहेर कोण कुणाशी बोलतं, ग्रुपवर कुणाच्या मेसेजला लगेच अंगठे मिळतात आणि कुणाचा प्रश्न दिवसभर लोंबकळत राहतो, वाढदिवसाला कोण बोलावलं जातं, या सगळ्याचा एक अलिखित कायदा असतो. तो कळेपर्यंत वर्ष निघून जातं आणि तोवर बऱ्याच जणांनी नको तिथे पैसे घातलेले असतात, नको तिथे मन दुखवून घेतलेलं असतं. हे लिहिलंय ते अशा नवख्यांसाठी. त्यातही ज्यांनी फी ओढूनताणून भरली आहे त्यांच्यासाठी जास्त.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या मंडळींकडून तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा आणि त्यासाठी किती मोजायचं तेही आधीच ठरवा. त्यांच्यात मिसळायला जिवाचा आटापिटा करणारे पालक पाहिलेत, आणि "असल्या लोकांशी आपलं काय देणंघेणं" म्हणून फटकून राहणारेही. दोघांच्याही मुलांना त्याचा भुर्दंड बसतो.

१. प्रवेश घ्यायच्या आधी

फीच्या पत्रकात नसलेले खर्च शोधून काढायचे. शाळेच्या कार्यालयातून मागच्या वर्षभराची परिपत्रकं मागून घ्या. सहली, वार्षिक कार्यक्रमाचे कपडे, स्पर्धांची प्रवेश फी, खेळाचं सामान, परदेश दौरा, सगळं त्यात सापडतं. नंतर दोन इयत्ता पुढच्या वर्गातला एखादा पालक गाठा. त्याला "वरखर्च किती येतो हो?" असं विचारू नका, कारण उत्तर ठरलेलं आहे: "छे, फार काही नाही." त्यापेक्षा विचारा, "मागच्या सहलीला वर्गातली किती मुलं गेली नव्हती?" पाच-सहा नव्हती गेली, असं कळलं तर निश्चिंत व्हा. "सगळी गेली होती" असं उत्तर आलं, तर परिपत्रकात 'ऐच्छिक' छापलेलं असलं तरी तो खर्च तुम्हाला करावाच लागणार, असं धरून चाला.

मग घरात दोघांनी बसून वर्षाचा एक आकडा ठरवायचा: भेटवस्तू, वर्गण्या, पालकांची एकत्र जेवणं, सहली, सगळं धरून. तो कागदावर लिहून ठेवा. ऐनवेळी ग्रुपवर कुणी रक्कम जाहीर केली की माणूस लाजेपोटी हो म्हणून बसतो. ठरलेला आकडा हाताशी असला की नाही म्हणायला बळ येतं, आणि नवरा-बायकोची त्यावरून जुंपतही नाही.

नुसती फी भरूनच हात रिकामे होणार असतील तर दुसरी शाळा बघा, हे माझं स्पष्ट मत आहे. शाळेची इमारत आणि मैदान कितीही छान असो, दर महिन्याला कासावीस होणारे आईबाप मुलाला परवडत नाहीत.

२. पहिलं सत्र: कान उघडे, तोंड बेताचं

नवख्याला वाटतं की इथली उतरंड पैशावर चालते. पैसा लागतोच, पण तो आत शिरण्यापुरता. आत गेल्यावर मान जातो तो जुन्यांना: ज्यांचं दुसरं-तिसरं मूल याच शाळेत आहे, जे स्वतः तिथे शिकलेत, ज्यांना मुख्याध्यापक नावाने ओळखतात. त्यांच्या बोलण्यात "आमच्या वेळी" सारखं येतं. त्यांच्या खालोखाल वेळ असलेले. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंती जशी खर्चातून मिरवली जाते तशीच रिकाम्या वेळातूनही मिरवली जाते. भर कामाच्या दिवशी सकाळी अकराला शाळेत निवांत गप्पा मारत उभं राहता येणं, ही तीच गोष्ट. तुम्ही नोकरीतून धावतपळत सुटायच्या वेळेला पोचत असाल तर सकाळच्या गप्पांतून गळणारच. त्याचा तुमच्या लायकीशी संबंध नाही.

कपड्यांवरून अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका. विटका टी-शर्ट घालून येणारा बाप कदाचित सगळ्या वर्गाला विकत घेऊ शकेल. आपली श्रीमंती सगळ्यांना माहीतच आहे अशी खात्री ज्यांना असते, ते ती दाखवायचा त्रास घेत नाहीत. दाखवावी लागते ती मधल्यांना, कारण आपल्याला खालच्यांत धरतील ही धास्ती त्यांनाच असते. फेल्टोविच, हार्बॉ आणि टो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याचं रीतसर गणित मांडलं होतं. तेव्हा जो फार मिरवतोय तो बहुतेक वेळा तुमच्याइतकाच बिचकलेला आहे, हे ध्यानात ठेवा. यानं त्याचा आगाऊपणा गोड लागत नाही, पण त्याची भीती वाटेनाशी होते.

या सत्रात करायचं काम एवढंच: मुलांची आणि त्यांच्या आईबापांची नावं पाठ करणं. फोनमध्ये 'अमुकची आई' असं साठवून भागत नाही. त्या बाईला स्वतःचं नाव आहे, आणि तिला तिच्या नावाने हाक मारणारे त्या फाटकावर फार थोडे असतात. ओळख वाढवायला याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

३. ग्रुप

व्हॉट्सॲपवर वर्गाचे निदान तीन ग्रुप असतात. एक शाळेच्या सूचनांचा, एक पालकांचा, आणि एक ज्यात तुम्ही नाही. तिसऱ्याचा शोध घेऊ नका. तो सापडला तरी त्यात चाललेलं ऐकून तुमचं काही भलं होणार नाही.

पालकांच्या ग्रुपवर पहिले दोन महिने मतं मांडू नका, माहिती मात्र द्या. "उद्या चित्रकलेची वही लागणार आहे, आत्ताच दप्तरात पाहिलं" असा मेसेज रात्री टाकणाऱ्याचे सगळे उपकार मानतात. शिक्षकांविरुद्ध एक अक्षरही तिथे लिहू नका. त्याचा स्क्रीनशॉट शाळेत पोचायला शाळा भरायचीही वाट पाहावी लागत नाही.

काही मेसेज प्रश्नाचा मुखवटा घालून येतात. उदाहरणार्थ: "घोडेस्वारीसाठी कुणी चांगले सर सुचवाल का? आत्ताचे म्हणतात हिला शिकवायला आता त्यांच्याकडे काही उरलंच नाही 🙈". यात विचारलेलं काहीच नाही. उत्तर द्यायची गरज नाही, मनातल्या मनात जळायची तर अजिबात नाही. आणि त्यावर कुणी दुसरा "आमच्याकडे पियानोचं अगदी असंच झालंय" म्हणून पुढे सरसावला, की फोन खाली ठेवून आपल्या कामाला लागा.

खरी कसोटी वर्गणीची. कुणीतरी लिहितं, "टीचरसाठी सगळे मिळून छानसं काहीतरी करू या, प्रत्येकी एवढे चालतील ना?" रक्कम चांगलीच असते. पाठोपाठ दोन 'डन' येतात, मग तिसरा, आणि मग माघार घेणं अवघड होतं. अशा वेळी ग्रुपवर वाद घालू नका आणि मुकाट्याने भरूही नका. ज्यांनी विषय काढला त्यांना लगेच वेगळा मेसेज करा: "कल्पना छान आहे. आमच्याकडून इतके देते. यादी टाकाल तेव्हा नुसती नावं टाका, रकमा नकोत, म्हणजे सगळ्यांना सोपं जाईल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बहुतेक वेळा ते मान्य होतं, कारण गप्प बसलेले आणखी सात-आठ जण त्याचीच वाट बघत असतात. पुढे कधी हे काम तुमच्याकडे आलं तर रक्कम जाहीर करूच नका. "जमेल तेवढं, अमुक तारखेपर्यंत" एवढं पुरतं. आणि हो, शिक्षकांना भेट देण्याबाबत शाळेचा काही नियम आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच शाळांत असतो, आणि तो कुणी वाचलेला नसतो.

यापलीकडे ग्रुपमधल्या कुणाशी जिवाभावाची मैत्री झालीच पाहिजे असं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की कामाची नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा वरवरच्या ओळखींतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. त्यांनी अभ्यास नोकरी मिळण्याचा केला होता, पण कोणते गणिताचे सर बदलणार, कोणती बस सतत उशिरा येते, कोणत्या स्पर्धेचा अर्ज कधी निघतो, या बातम्याही अशाच फिरतात. वेगवेगळ्या कंपूंमधल्या पाच-सहा जणांशी हसूनखेळून ओळख असली की झालं.

४. फाटकावरचे प्रश्न

"कुठे राहता?", "मिस्टर काय करतात?", "आधी कुठल्या शाळेत होता?", "सुट्टीत कुठे?" हे चार प्रश्न येणारच. विचारणारा प्रत्येक जण शिष्ट असतो असं नाही. कुणाला आपल्या घराजवळचं कुणी हवं असतं, गाडी वाटून घ्यायला. पण काहींना तुम्हाला कुठल्या कप्प्यात टाकायचं ते ठरवायचं असतं.

उत्तर खरं द्यायचं, छोटं द्यायचं, आणि त्याला माफीची शेपटी जोडायची नाही. भाड्याचं घर असेल तर "सध्या भाड्याने आहोत, पुढे बघू या, इथे दर फारच आहेत ना" असं सांगत बसू नका. "अमुक भागात" म्हटलं की उत्तर संपलं. थापा तर मारूच नका. तुमचं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं खरं सांगणार आहे.

उत्तरानंतर लगेच एक प्रश्न आपल्याकडून:

"सुट्टीत कुठे?"
"यंदा घरीच. पोहायला शिकवायचंय त्याला. तुमचा लेक पोहतो ना? घाबरायचा का हो सुरुवातीला?"

समोरचा माणूस आता त्याच्या लेकाबद्दल बोलायला लागतो, आणि त्यात त्याला तुमच्या सुट्टीपेक्षा केव्हाही जास्त रस असतो. गप्पा मुलांवर आल्या की दोघंही जरा माणसांसारखं बोलायला लागतात.

टोमण्यांचं वेगळं. "अरे वा, तुम्ही बसने पाठवता? धाडसी आहात!" यावर बस किती सुरक्षित आहे, तुमचं ऑफिस किती लांब आहे, हे समजावत बसलात की अडकलात. "हो, बरं पडतं." आणि गप्प. ती शांतता तुम्हाला जड जाते, त्याहून जास्त टोमणा मारणाऱ्याला जाते. पहिल्यांदा जमत नाही. चौथ्या-पाचव्यांदा जमतं.

माणसं इतकी तुलना का करतात, याचं एक उत्तर लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दिलं होतं: जिथे मोजायला पक्की फूटपट्टी नसते तिथे माणूस शेजाऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो. आपण आईबाप म्हणून बरे आहोत की नाही, हे मोजायची फूटपट्टी कुणाकडेच नाही. म्हणून मग घोडेस्वारी मोजायची, पियानो मोजायचा, सुट्ट्या मोजायच्या.

५. वाढदिवस

सर्वात जास्त मनस्ताप इथे होतो. काही नियम घरात ठरवून टाका.

भेटवस्तूची रक्कम वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी सारखी. बड्या घरच्या मुलाला महाग आणि साध्या घरच्याला स्वस्त, असं एकदा केलंत की तुमच्या मुलालाही ती उतरंड शिकवलीत. शिवाय बड्या घरी तुमची महागडी भेट इतर तीसांच्या ढिगात जाते, ती कुणी दिली हेही लक्षात राहत नाही.

आपल्या घरचा वाढदिवस असेल तर एकतर सगळा वर्ग बोलवा, नाहीतर तीन-चार जण. मधला आकडा टाळा. तिसातली अठरा मुलं बोलावली की उरलेल्या बारांना आपण वगळलो गेलो हे लख्ख कळतं. चारच बोलावली तर कुणी मनाला लावून घेत नाही. निमंत्रणं वर्गात वाटू नका, पालकांना फोनवर कळवा. फोटो टाकायचेच असतील तर वर्गाच्या ग्रुपवर नकोत.

दुसऱ्यांच्या थाटाच्या समारंभाला जायला काही हरकत नाही. जा, मुलाला मजा करू द्या, यजमानांचे आभार माना. परतफेड त्याच तोलामोलाची करावी लागते ही समजूत मात्र सोडा. त्या मुलाला एखाद्या शनिवारी घरी खेळायला बोलवा, झाली परतफेड. घर लहान आहे म्हणून बरेच जण कचरतात. लहान मुलांना घर किती मोठं ते दिसत नसतं, गादीवर उड्या मारू देतात की नाही ते दिसतं. दारात घ्यायला आलेल्या आईची नजर एकदा घरभर फिरते, ती फिरू द्या.

आणि तुमच्या मुलाला बोलावणं आलंच नाही तर? एक-दोन वेळा काहीच करू नका. यजमानांना खडा टाकून बघू नका, इतरांकडे "तुम्हाला आलं का?" अशी चौकशीही नको, ती हमखास पोचते. सारखंच होत असेल तर वर्गशिक्षकांना एवढंच विचारा, की मूल मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतं. तिथे त्याला सोबती असतील तर प्रश्न मोठ्यांचा आहे, तो तसाच ठेवला तरी चालतो. तिथेही ते एकटं पडत असेल तर मात्र शिक्षकांबरोबर बसून बोलायला हवं.

६. काम घ्या, पद नको

पालक-शिक्षक संघात पहिल्या वर्षी पद घेऊ नका, खजिनदाराचं तर नकोच. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं काम मागून घ्या: ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरं घालणं, क्रीडादिनाला एका शर्यतीच्या नोंदी ठेवणं, नाटकाच्या तालमीला मुलांवर लक्ष ठेवणं. दोन तास कुणाबरोबर कव्हरं घालत बसलं की फाटकावरच्या सहा महिन्यांच्या गप्पांत कळत नाही ते कळतं. नोकरी असेल तर शनिवारचं किंवा घरबसल्या करायचं काम मागा, असतं.

बसमधल्या मदतनीस बाई, पहारेकरी, कार्यालयातले लिपिक यांच्याशी नीट वागायचं, हे सांगायला नको. तरी सांगते, कारण तिथे काही पालकांचा आवाज असा चढतो की शेजारी उभं राहायला लाज वाटते. तुमचं मूल बसमध्ये रडत होतं का, हे तुम्हाला सांगणार असतात त्या बाईच.

७. घरी मुलाशी

कधीतरी विचारणा होतेच: "आपण गरीब आहोत का?" दचकू नका. "नाही. आपल्याला लागतं ते सगळं आहे. अर्णवच्या घरी आपल्यापेक्षा जास्त पैसे आहेत, आणि पुष्कळांकडे आपल्यापेक्षा कमी आहेत" असं सरळ सांगा. अर्णव हे नाव उदाहरणादाखल, तुमच्या वर्गात वेगळं असेल. "पैशाने सगळं मिळत नाही" हे व्याख्यान देऊ नका. मुलाने साधा प्रश्न विचारलाय, आणि त्याला दिसतंय की पैशाने बरंच काही मिळतं. "ते आपण घेणार नाही" आणि "ते आपल्याला परवडत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी खरी असेल ती सांगा.

मुलांसमोर इतर पालकांची टिंगल टाळा. "आम्ही बाई साधी माणसं, आम्हाला नाही असले थेर जमत" यातही एक शिष्टपणा असतो, आणि मुलं तो तंतोतंत उचलतात. उद्या तुमची लेक वर्गात कुणाला तरी "तुमचे थेर" म्हणेल, आणि मग बोलावणी का येत नाहीत याचा शोध घेत बसाल.

पैसेवाल्या घरांतली मुलं सुखात असतात असंही धरून चालू नका. सुनिया लुथार या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या सधन उपनगरांमधल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. गरीब वस्तीतल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात चिंता आणि नशेचं प्रमाण जास्त आढळलं. यशासाठीचा सततचा दबाव आणि आईबापांपासून पडलेलं अंतर या दोन गोष्टींकडे त्यांनी बोट दाखवलं. आपण मुलाला अशा शाळेत घालतो तेव्हा ते त्या दबावातही जाऊन पडतं, त्याला तिथे आठवड्यातले किती तास रिकामे मिळतात ते बघत राहा.

फीमध्ये सवलत मिळाली असेल तर ती कुणाला सांगायची हे तुम्ही ठरवायचं. सवलत मिळालेल्यांची यादी कोण बघतं, वर्गात कुणाला कळतं का, हे शाळेला प्रवेशाच्या वेळीच विचारा. संकोच वाटत असेल तर एवढंच सांगते: जगात श्रीमंतीचं प्रतीक समजली जाणारी इंग्लंडमधली ईटन ही शाळा सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये काढली ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. पैसे भरणारे नंतर वाढले.

८. तक्रार कधी, निरोप कधी

तुम्हाला कुणी हसलं नाही, जेवणाला बोलावलं नाही, याची तक्रार शाळेकडे करता येत नाही, करूही नये. मुलाला घरावरून, गाडीवरून, भाषेवरून, रंगावरून किंवा फी-सवलतीवरून चिडवलं जात असेल तर मात्र लगेच, आणि लेखी. तारीख, काय म्हटलं गेलं, कोण हजर होतं, एवढंच लिहा. चिडवणाऱ्याच्या आईबापांना थेट फोन लावू नका. ते आपल्या मुलाची बाजू घेणार, आणि रात्रीतून तुम्ही 'त्या भांडकुदळ बाई' झालेल्या असता. वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, या क्रमाने जा आणि प्रत्येक भेटीनंतर "आज असं ठरलं" असा दोन ओळींचा ईमेल पाठवा. शाळा चांगली आहे की नुसती महाग, हे तेव्हाच कळतं.

सगळं करूनही मूल दर रविवारी संध्याकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, किंवा तुमचा तो कागदावरचा आकडा दर वर्षी दिवाळखोरीकडे निघाला असेल, तर शाळा बदलण्यात कमीपणा नाही. फक्त ते सत्र संपायच्या आधी नीट ठरवा. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत सूचना देण्याची मुदत असते. बऱ्याच शाळांत ती पूर्ण एका सत्राची असते, आणि चुकली तर पुढच्या सत्राची फी किंवा अनामत रक्कम जाते. तो कागद आजच शोधून ठेवा, आणि सोडण्याची सूचना द्याल तेव्हा तिची पोच सही-शिक्क्यासह घ्या.